देणगीतलं यंत्र बंद पडतं तेव्हा

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला स्पंजची एक जाळी असते. खोलीतली हवा तिच्यातून आत शिरते, आतला झिओलाइट हा पदार्थ नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन रुग्णाकडे जातो. ही जाळी धुळीने बुजली की कॉम्प्रेसर तापतो, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. साबणाच्या पाण्याने धुऊन, नीट वाळवून ती परत बसवायची असते. हे सांगणारं कुणी नसेल, तर महागडं यंत्र व्हरांड्यात पडून राहतं.

अशा यंत्राला दान म्हणायचं का?

गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगतो. ही जबाबदारी देणाऱ्याची आहे. यंत्र जिथे जाणार तिथला विजेचा दाब, दमट हवा, सुट्या भागांची सोय, हे सगळं त्यात येतं. बाराव्या शतकातले ज्यू धर्मचिंतक मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागू नये अशी व्यवस्था करणं, ही सर्वांत वरची.

ही पायरी किती हाताशी आहे, हे मॅल्किन आणि कीन या संशोधकांच्या २०१० मधल्या अभ्यासातून दिसतं. त्यांनी गरीब देशांतल्या ६० रुग्णालयांतून आलेल्या २८४९ दुरुस्तीच्या मागण्या तपासल्या. बंद उपकरणांपैकी ७२ टक्के उपकरणं परदेशातून सुटे भाग न मागवता चालू झाली. लागलं ते वायरिंग, वीजपुरवठा, नळजोडणी, मोटर यांचं प्राथमिक ज्ञान आणि यंत्र कसं वापरायचं याची शिकवणी. याच पायावर रवांडात स्थानिक तंत्रज्ञ घडवले गेले, आणि तिथल्या रुग्णालयांतली बंद उपकरणं कमी झाली. हे विद्यादान, आणि यंत्रदानाच्या आधी त्याचा मान हवा.

खरा पेच पुढे आहे. शिकून तयार झालेला तंत्रज्ञ जास्त पगारासाठी राजधानीत किंवा परदेशी जातो. ठरावीक काळ तिथेच काम करण्याच्या बॉन्डने त्याला बांधावं, असं अनेकांना वाटतं. पण परतफेडीच्या अपेक्षेने दिलेलं दान गीतेच्या दृष्टीने राजस ठरतं. दुसरीकडे, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळाला चालू इन्क्युबेटर हवा, त्याचा हक्कही तंत्रज्ञाच्या स्वातंत्र्याइतकाच खरा. हा पेच सोडवण्याचं ओझं एकट्या तंत्रज्ञाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. जिल्हा रुग्णालयात त्याच्यासाठी पद, वेळेवर पगार, मल्टीमीटर आणि सुट्या भागांसाठी निधी ठेवणं हे तिथल्या सरकारचं आणि देणगीदारांचं काम. ही रक्कम देणगीतच धरावी, आणि पैसे अपुरे पडत असतील तर दहाऐवजी सहा यंत्रं पाठवावीत.