ससे आणि पाला

पूर्वी लेख लिहून झाला की लेखकाचे काम संपत असे. लेख पाकिटात घालायचा, सोबत परतीची तिकिटे लावलेले दुसरे पाकीट जोडायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची. पुढचे संपादक पाहून घेई. बहुतेक वेळा तो लेख परत पाठवूनच पाहून घेई. आता मध्ये संपादक नाही आणि पोस्टमनही नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लेख लिहून फेसबुकवर टाकू लागलो, तेव्हा माझी समजूत होती, की लिहिणे हेच काय ते अवघड काम. तसे काही नसते. लेख दोन तासांत होतो. तो लोकांनी वाचावा म्हणून दारोदार हिंडण्यात उरलेला आठवडा जातो.

या हिंडण्याचे शास्त्र मला भाच्याने शिकवले. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ‘ब्रॉडकास्ट’ यादी उघडून दिली. एका यादीत २५६ माणसे बसतात. मुलीच्या लग्नाची आमंत्रणे काढताना केला नसेल इतका विचार करून मी ती भरली. व्याही आले, दाताचे डॉक्टर आले, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला. मग देवाचे नाव घेऊन लेख सोडला. संध्याकाळी पाहतो तो पोचला होता फक्त ६३ जणांना!

‘मामा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते जातं,’ भाचा म्हणाला.

म्हणजे उरलेल्या १९३ जणांच्या लेखी मी कोणीच नव्हतो. ‘मी कोण?’ हा प्रश्न सोडवायला लोक हिमालयात जातात. माझा घरबसल्या एका दुपारी सुटला.

मग मी गटांकडे वळलो. सोसायटीचा गट, शाळेतल्या वर्गमित्रांचा गट, बँकेतल्या निवृत्तांचा गट, योगासनांचा गट. २०१८ साली अफवांपायी माणसे मारली जाऊ लागली, तेव्हा आलेला मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सअ‍ॅपने भारतात घातले. बंधन योग्यच होते. पण ‘आमच्या गावचा पार’ या माझ्या निरुपद्रवी लेखालाही ते लागू व्हावे, याचे जरा वाईट वाटले. असो. पाच-पाचच्या पंगती उठवत मी वाढत राहिलो.

आता या पंगतीची दुसरी बाजू. मी वाढतो तसे बाकीचेही वाढतातच की! सकाळी सहाला फोन उघडावा, तो तीनशे-साडेतीनशे निरोप ताटात पडलेले असतात. गुलाबासकट सुप्रभात, गुडघेदुखीवर मेथी, कोणाच्या तरी नातवाचे पहिले पाऊल, सोसायटीच्या पाण्याची टाकी, आणि प्रत्येक गटात माझ्यासारखाच एकेक लेखक. हे सगळे वाचत बसलो तर दात घासायला संध्याकाळ होईल. म्हणून चारचौघांनी काढलेला मार्ग मीही काढला. न वाचताच अंगठा द्यायचा.

आपल्याकडे घरोघर आहेराची वही असते. त्यांनी आपल्या मुंजीत काय दिले ते पाहायचे आणि त्यांच्या बारशाला तेवढेच द्यायचे. अंगठ्यांचे तसेच आहे. मी त्यांच्या कवितेला एक अंगठा दिला, त्यांनी माझ्या लेखाला एक दिला, फिट्टंफाट. त्यांची कविता त्यांनी वाचलेली असते आणि माझा लेख मी.

‘अहो, दुसऱ्यांनी लिहिलेलं तुम्ही वाचता का हो कधी?’ सौ.ने एकदा विचारले.

‘वेळ कुठे असतो?’

‘मग त्यांना कुठून असणार?’ एवढे बोलून ती कुकर बंद करायला गेली. माझ्या मनातल्या शिट्ट्या मात्र थांबेनात.

हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन विद्वानाने हा प्रश्न असले फोन निघण्याच्या कितीतरी आधी मांडून ठेवला आहे. पुढे १९७८ साली या गृहस्थांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण १९७१ साली छापून आलेल्या त्यांच्या एका निबंधाची सुरुवात मात्र होते चक्क सशांपासून. शेजाऱ्यांनी मुलीसाठी सशांची जोडी आणली. आता ससे उदंड झाले की त्यांच्या खाण्याचा पाला कमी पडणार, हे उघड आहे. सायमनसाहेब म्हणतात, माहितीचेही तसेच. ती जगते वाचणाऱ्याच्या लक्षावर. ती वाढत गेली की लक्षाचा तुटवडा पडणारच.

हे वाचून मी चरकलो. मी स्वतःला बाग फुलवणारा माळी समजत होतो. निघालो ससे सोडणारा! दर आठवड्याला एक गुबगुबीत ससा लोकांच्या अंगणात सोडत होतो आणि माझ्या अंगणातला पाला मात्र कुलपात ठेवत होतो. उसने शंभर रुपये मागताना जीभ अडखळते, आणि ते तर परत करता येतात. कोणाची गेलेली दहा मिनिटे मी कुठून परत करणार? ती मागण्याचा मला अधिकार काय?

या प्रश्नाचे उत्तर मला अण्णांनी दिले, तेही नकळत.

अण्णा म्हणजे माझे बँकेतले जुने सहकारी. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांचा लांबलचक निरोप आला. लांबी पाहून मी ठरवले, की कुठून तरी आलेले पुढे ढकललेले दिसते. अंगठा दिला आणि त्याच्याच खाली माझा ताजा लेख चिकटवला. लेखाचे नाव होते ‘विचारपूस’. आठ दिवसांनी दुसऱ्या एका सहकाऱ्याकडून कळले, की वहिनींना दवाखान्यात ठेवले आहे. घाईघाईने अण्णांचा निरोप उघडला. ‘हिची तब्येत अचानक बिघडली आहे. मन थाऱ्यावर नाही. जमलं तर एक फोन कर.’ आणि त्याखाली माझा अंगठा!

तसाच दवाखान्यात गेलो. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. मला पाहून म्हणाले, ‘बस रे. तुझा लेख वाचला बरं का. रात्री झोप येत नव्हती, दोनदा वाचला. हिलाही वाचून दाखवला. छान जमलाय, फक्त तिसऱ्या परिच्छेदात तू चुलत्याला मामा केलंयस.’

त्यांनी टोमणा मारला असता तर बरे झाले असते. त्यांनी तो मारला नाही. मी जे मागितले होते ते अण्णांनी दोनदा दिले. त्यांनी मागितले होते ते मी एकदाही दिले नव्हते. उलट त्यांच्या हातावर एक अंगठा ठेवून मोकळा झालो होतो. तीस वर्षे काउंटरवर बसून खोटी नोट बोटांनी ओळखणारा मी, स्वतःच्याच अंगठ्याने खोट्या नोटा छापत होतो. ‘अंगठा दाखवणे’ याचा जुना मराठी अर्थ आपण फार लवकर विसरलो.

साडेतीनशे निरोप कोणालाच वाचता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. न वाचणे हा गुन्हा नव्हे. न वाचता वाचल्याचे दाखवणे ही लबाडी. आणि स्वतः न वाचता दुसऱ्याने आपले वाचावे असा धोशा लावणे ही उधारी. म्हणून मी साधा नियम केला. ज्यांचे मी शेवटपर्यंत वाचतो त्यांनाच माझे पाठवायचे. ज्यांचे वाचणे होत नाही त्यांना अंगठाही नाही आणि ससाही नाही. यादी २५६ वरून अकरावर आली. वहिनी आता घरी आल्या आहेत. त्यांचे नाव यादीत पहिले. चुका त्या अण्णांपेक्षा जास्त काढतात.

उरलेल्यांना चुकल्यासारखे वाटेल, अशी मला धास्ती होती. दोन महिने झाले, कोणी चकार शब्द काढला नाही. परवा मंडईत मात्र यादीतून गळलेले एक गृहस्थ भेटले.

‘तुमचे लेख नेमाने वाचतो हं!’ ते म्हणाले. ‘कालचा तर फारच सुरेख!’

मी काय बोलणार? मेथीची जुडी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचा अंगठा वर केला.