लाइटबॉक्सवरचा पुरावा

जाहिरातीच्या फोटोग्राफीत फिल्म बरी की डिजिटल, हा वाद खर्चापुरता केव्हाच मिटला. आता बोलणं होतं ते फिल्मच्या कणांबद्दल, तिच्या रंगांतल्या मार्दवाबद्दल. मला ही हळहळ जरा अस्थानी वाटते. कण काय, संगणकावरही पेरता येतात. या धंद्याने गमावलं ते दुसरंच काही.

डिजिटल कॅमेरा जाहिरातीच्या स्टुडिओत शिरला तो निर्जीव वस्तूंचा हात धरून. 1992 साली आलेला लीफ कंपनीचा डिजिटल बॅक, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी मागे लावायचा सेन्सर, सुमारे 40 लाख पिक्सेलचा होता. एका रंगीत चित्रासाठी तो लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकापाठोपाठ तीन फोटो घेई. मधल्या काळात मॉडेल जराशी हलली की रंग एकमेकांवरून सरकलेच. बाटल्या आणि घड्याळं बिचारी हलत नाहीत, त्यामुळे कॅटलॉगवाल्यांचं भागलं. 2002 मध्ये कॅननचा 1 कोटी 10 लाख पिक्सेलचा कॅमेरा आला आणि मासिकाच्या पानभर जाहिरातीलाही फिल्मची गरज उरली नाही. लॅबचा आणि स्कॅनिंगचा खर्च वाचत असताना कोणी मागे कशाला वळेल?

पण फिल्मवरचं काम कसं चालायचं ते आठवून पाहा. छपाईसाठी निगेटिव्हऐवजी बहुधा ट्रान्सपरन्सी, म्हणजे थेट सुलटं चित्र देणारी फिल्म, वापरत. हॅसलब्लाड कॅमेऱ्यात 120 च्या रोलवर 12 फोटो, मोठ्या कॅमेऱ्यात 4 बाय 5 इंचांची एकेक शीट. आधी पोलरॉइड काढून प्रकाश बघायचा. ट्रान्सपरन्सीला एक्स्पोजरमधली छोटी चूकही खपत नसे, म्हणून रोलचा एक तुकडा आधी धुऊन घ्यायचा आणि उरलेला रोल किती वेळ डेव्हलप करायचा ते त्यावरून ठरवायचं. एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे एकाच वेळी बनलेले, रोल एकगठ्ठा घेऊन फ्रिजमध्ये ठेवायचे, त्यांची रंगाची झाक तपासायची, ती घालवायला लेन्सपुढे फिल्टर लावायचे. एवढा खटाटोप करून हाती काय यायचं, तर लाइटबॉक्सवर ठेवता येईल असं एक मूळ चित्र. आर्ट डायरेक्टर, क्लायंट, कलर सेपरेशन करणारा, छापखान्याचा माणूस, सगळे त्याच तुकड्यावर भिंग धरत. प्रूफ त्याच्याशी जुळलं नाही तर प्रूफ चुकलं. वाद संपला.

ते मूळ चित्र खरं असायचं असं मुळीच नाही. वेल्व्हिया फिल्मवर साधं गवतही पाचूसारखं दिसे, आणि जाहिरातीकडून सत्याची अपेक्षा कोणी करावी? मात्र ते खोटं सर्वांसमोर एकच होतं.

डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये असतात फक्त सेन्सरने टिपलेले आकडे. त्यांचे रंग सॉफ्टवेअर ठरवतं आणि दोन सॉफ्टवेअर दोन रंग दाखवतात. पैठणीचा जांभळा काठ फोटोग्राफरच्या मॉनिटरवर एक दिसतो, क्लायंटच्या मोबाइलवर दुसरा आणि छापील पानावर तिसरा. यातला कोणता बरोबर, हे दाखवणारी वस्तूच नाही. मग निकाल अधिकाराने लागतो, आणि बिल भरणाऱ्याचा मोबाइल जिंकतो. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून प्रत्येक फ्रेम सेटवरच सगळ्यांना दाखवण्याची सोय निःसंशय मोठी आहे; सेट मोडण्याआधी चूक सापडते. पण ‘अजून जरा उबदार करा’ ही सूचनाही तिथूनच सुरू होते आणि छपाईपर्यंत थांबत नाही.

यावर उपाय आहे. 24 चौकोनांचा कलर चार्ट पहिल्या फ्रेममध्ये धरायचा, मॉनिटर कॅलिब्रेट करायचे आणि छापखान्याचं सही केलेलं प्रूफ सर्वांनी प्रमाण मानायचं. चांगले स्टुडिओ हे करतात. मात्र ही शिस्त सर्वांनी कबूल केली तरच चालते. ट्रान्सपरन्सीला कोणाच्या कबुलीची गरज नव्हती.

हल्ली फॅशनच्या काही मोहिमा हौसेने फिल्मवर चित्रित होतात. पण तिथे सहसा निगेटिव्ह वापरतात, ती स्कॅन होते आणि रंग पुन्हा संगणकावर, त्याच मंडळींच्या सूचनांनुसार ठरतात. लाइटबॉक्स त्या खोलीत असलाच, तर सजावटीपुरता.