नोंदवहीतला गुन्हा

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाई बाजारातून परतत असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या गळ्यातील सोन्याची साखळी हिसकावून नेली. मुलाला घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. तासाभराने बाहेर आल्या तेव्हा हातातील कागदावर साखळी ‘गहाळ’ झाल्याचे लिहिलेले होते. तो कागद आमच्यापुढे ठेवून बाईंनी एवढेच विचारले, ‘हरवणं आणि हिसकावणं एकच का हो?’

प्रश्न साधा खरा. पण देशातील गुन्हेगारीचे आकडे ज्या पायावर उभे आहेत, त्या पायालाच तो हात घालतो. देशभरच्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघत आला आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो आता सिद्ध करतो, आणि पुष्कळदा बराच उशिराने. या विभागाचा माणूस कोणाच्या दारी जाऊन विचारपूस करीत नाही. ठाण्यात जे लिहिले गेले ते जिल्ह्याकडे, तेथून राज्याकडे (आपल्याकडे पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे) आणि शेवटी दिल्लीस पोचते. वाटेत बेरजा तपासल्या जातात. परंतु जे मुळात लिहिलेच गेले नाही, ते कोणत्या तपासणीत सापडावे?

मोजणीचे नियमही ध्यानात घेण्याजोगे आहेत. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. घरफोडी करताना खून झाला तर तक्त्यात खून राहतो, घरफोडी दिसत नाही. अदखलपात्र तक्रारींची वही तर निराळीच. असे नियम कोठेतरी करावे लागतातच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आकडा वाचणाऱ्यांच्या घाईबद्दल. केरळात दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे देशाच्या सरासरीहून खूप अधिक असतात. म्हणून मलयाळी माणूस अधिक दुष्ट ठरतो काय? की तेथे माणूस ठाण्याची पायरी चढतो आणि त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते? गुन्हे वाढणे वेगळे आणि नोंद वाढणे वेगळे, असे हा विभाग स्वतःच बजावत आला आहे. पण मथळ्यात तेवढी जागा नसते.

बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये २४,९२३ होत्या. २०१३ मध्ये त्या ३३,७०७ झाल्या. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या त्या घटनेनंतर कायद्याची व्याख्या रुंदावली, अशा फिर्यादी न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा ठरली, आणि आजवर गप्प बसलेल्या अनेकींना कंठ फुटला. या आकड्यात अधोगती किती आणि धैर्य किती, हे वेगळे काढता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. तरीही ‘गहाळ’ हा शब्द ठाण्यातून गेलेला नाही.

याचे कारण आम्हाला केवळ आळसात दिसत नाही. जो अंमलदार प्रामाणिकपणे प्रत्येक फिर्याद लिहितो, त्याच्या हद्दीतले गुन्हे वाढलेले दिसतात आणि वरिष्ठ त्यालाच जाब विचारतात. जो लोकांना परत पाठवतो, त्याची हद्द शांत ठरते. खरे बोलणाऱ्याला ज्या व्यवस्थेत शिक्षा आणि खोट्या शांततेला जेथे शाबासकी, तेथे एकट्या हवालदाराला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शिवाय ती शाबासकी देणाऱ्यांत आपणही असतोच. गुन्हे घटल्याची बातमी वाचून आपल्याला बरे वाटते. आणि घरातील सुनेच्या अंगावरचे वळ दिसले की ‘घरातली गोष्ट घरातच मिटवा’ असा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी कोठून बाहेरून येत नाहीत. ठाण्याच्या वहीआधी कितीतरी नोंदी आपण आपल्याच ओसरीवर पुसून टाकलेल्या असतात.

त्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा ठाण्यात गेल्या, या वेळी शेजारच्या निवृत्त शिक्षकांना बरोबर घेऊन. दुपारभर बसून राहिल्या. अखेर फिर्याद जबरी चोरीची लिहिली गेली. साखळी काही अद्याप मिळालेली नाही. त्या ठाण्याच्या त्या महिन्याच्या तक्त्यात मात्र एक गुन्हा वाढला.