खाणारा आणि फवारणारा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी वाती वळण्याचे काम निघते. परवा कारंज्याकडून आलेला कापूस पिंजताना एक विचार मनात आला, आणि तो काही केल्या जाईना. हा कापूस कोणी खात नाही. म्हणूनच त्याच्यावर काय फवारावे याची आपण फारशी फिकीर केली नाही काय?

हे मी उगाच म्हणत नाही. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 साली बंदी झाली. कपाशीवर मात्र मुभा राहिली. भाजी खाणाऱ्याची काळजी कायद्याने घेतली, हे उत्तमच. पण पाठीवर पंप घेऊन फवारणारा? त्याच्या वाट्याला आला तो बाटलीवरचा तांबडा त्रिकोण आणि बारीक अक्षरांतली सूचना: हातमोजे घाला, तोंड झाका. पुढे 2017 च्या पावसाळ्यात, आमच्या वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. तुषार तोंडावरच येत. दोष एकाच रसायनाचा नव्हता, हे खरे. तरी मोनोक्रोटोफॉसवर सर्व पिकांसाठी बंदीचा आदेश निघायला 2023 साल उजाडावे लागले.

सूचना छापली की विकणाऱ्याचे आणि परवाना देणाऱ्याचे कर्तव्य संपते काय? मला तसे वाटत नाही. भादव्याच्या उकाड्यात रबरी हातमोजे घालून दिवसभर कोण वावरेल? रोजंदारीच्या गड्याला तर बाटली निवडताही येत नाही. निवडतो दुसरा, श्वास घेतो हा. आणि आपल्याकडे त्या विषाला नाव काय, तर ‘औषध’!

सौम्य उपाय नाहीत असे नाही. पाच किलो निंबोळी भरडून रात्रभर भिजवावी, गाळून शंभर लिटर पाणी करावे, की झाला पाच टक्क्यांचा अर्क. बोंडअळीसाठी कामगंध सापळे आहेत. पण निंबोळ्या आषाढातच वेचून ठेवाव्या लागतात, गुण सावकाश येतो, आणि डोक्यावर कर्ज असलेल्याला सावकाशी परवडत नाही. नुसती बंदी घालून तिचा भार त्याच्यावर टाकणे हाही अन्यायच. त्यातला काही वाटा कापड नेसणाऱ्यांनी उचलायला हवा. दिवाळीचा सदरा त्यापायी चार पैशांनी महागला तर दुकानात पहिली कुरकुर मीच करीन, हेही कबूल करतो.