भिंतीपासून पंधरा फूट

कलादालनं ओस पडली, आता मोबाइल हेच कलादालन, असं हल्ली इतकं सर्रास बोललं जातं की त्याला हरकत घेणाराच जुनाट ठरतो. खरी अडचण अशी की हरकत घेणारेही त्याच मैदानात उतरतात. काळा घोडा महोत्सवात केवढी रीघ होती, शाळांच्या किती सहली आल्या, असे दाखले ते देतात, म्हणजे किती डोळ्यांखालून चित्र गेलं हेच माप दोन्ही बाजूंना मान्य असतं. स्थानिक प्रदर्शनांबद्दल गंभीर बोलण्याची संधी आली तरी ती अशीच निसटते. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अभिनेते अमोल पालेकरांनी संग्रहालयाच्या स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या रद्द झाल्याचा मुद्दा काढला. पुढे कित्येक दिवस वाद झाला तो त्यांचं भाषण अडवलं गेल्याचा. शहरातल्या चित्रकारांना त्या भिंती कशासाठी हव्यात, हा मूळ प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही.

चित्रात प्रतिमा असते आणि त्या प्रतिमेला एक ठरावीक माप असतं. प्रतिमा प्रवास करू शकते. माप जागचं हलत नाही. वासुदेव गायतोंडे यांचे उभे कॅनव्हास साधारण माणसाच्या उंचीचे आहेत. रोलर आणि सुरीने रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा, अशी ती पद्धत. पाच पावलं मागे उभं राहिलं की एक आकार वर तरंगताना दिसतो, जवळ गेलं की तोच आकार थरांत बुडतो. फोटोत उरतो तो एक रंगीत उभा आयत आणि त्यावरच्या काही खुणा. बरव्यांनी कॅनव्हासवर वापरलेल्या एनॅमलचंही तसंच. त्या रंगाची सपाट, घट्ट चकाकी हा त्यांच्या चित्रातल्या विचाराचाच भाग आहे, आणि पडद्यावर सगळंच सारखं चकाकत असल्यामुळे नेमकी तीच गोष्ट गळते. अशा वेळी ‘चित्र पाहिलं’ म्हणणं म्हणजे पत्रिका पाहून माणूस ओळखल्याचं सांगणं आहे.

प्रेक्षकाची ही बाजू निदान अधूनमधून मांडली जाते. चित्रकाराची बाजू जवळजवळ कधीच येत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. मुंबई-पुण्यातला बहुसंख्य चित्रकार दहा बाय बाराच्या खोलीत काम करतो. त्यातही एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला जुने कॅनव्हास टेकवलेले. चार फुटी चित्रापासून तो फार तर सहा-सात फूट मागे सरकू शकतो. पंधरा फुटांवरून आपलं चित्र कसं दिसतं हे त्याला प्रथम कळतं ते प्रदर्शनाच्या भिंतीवर. खोलीत भरघोस वाटलेला पोत लांबून नुसता खरखरीत दिसतो, आणि एखादा करडा डाग, ज्याच्याकडे लक्षही नव्हतं, तो सगळं चित्र तोलून धरत असतो. घरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली लावलेला अल्ट्रामरीन दालनातल्या पिवळसर झोताखाली मंदावतो, बर्न्ट सिएना मात्र पेटून उठतो. मग ज्या निळ्यावर चित्राचा सगळा भार होता तो निळा तिथे आहे की नाही, असा प्रश्न पडतो. याला प्रसिद्धी म्हणता येणार नाही. हे चित्र करण्याच्या कामाचंच शेवटचं, आणि बऱ्याचदा सगळ्यांत कठोर पाऊल आहे. पुढचं चित्र बदलतं ते इथे.

यावर येणारा सर्वांत वजनदार आक्षेप समतेचा आहे. दालनाचं भाडं, फ्रेमवाला, टेम्पो, कॅटलॉग हे परवडतं कुणाला? लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला फोनमुळे जगभरची चित्रं पाहता येतात, स्वतःची दाखवता येतात. तिला मुंबईच्या जहांगीर कलादालनाची तारीख मिळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायला सांगायचं का? आक्षेपातलं दुःख खरं आहे, आणि तिला फोनमुळे जे मिळालं ते आधीच्या पिढ्यांना मिळालं नव्हतं हेही खरं. पण या मताचे लोक पुढे जो इतिहास सांगतात तो मला मान्य नाही. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी चित्रकला घराघरांत नेली, मराठी मध्यमवर्गाची नजर दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांतल्या चित्रांनी घडवली, तेव्हा पडदा ही त्याचीच पुढची पायरी, असं ते म्हणतात. मात्र दलाल छपाईसाठीच चित्र काढत. अंकाचं पान हेच त्या चित्राचं घर होतं, त्याच्या आकाराचा, शाईचा, कागदाचा हिशेब रेषेत आधीच धरलेला असे. रविवर्म्याची ओलिओग्राफही भिंतीवर टांगायची एक वस्तू होती. तिला कडा होत्या, चौकट होती, देवघराशेजारची ठरलेली जागा होती. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं पाहणाऱ्याला कळतं की छापील चित्र हे त्यांचं धाकटं रूप नाही, ती वेगळीच चीज आहे. फोनच्या पडद्याला मात्र स्वतःचं मापच नाही. पाच फुटी कॅनव्हास आणि पोस्टकार्डाएवढं जलरंगातलं चित्र त्यावर एकाच अंगठ्याखाली सरकतात.

आणि जिथे माप नाही तिथे चित्र हळूहळू मापाशिवाय विचार करायला लागतं. याचे परिणाम आता प्रदर्शनांतल्या भिंतींवरही दिसतात. विषय मधोमध, गडद-उजेडाचा जोरदार विरोध, कडांकडे दुर्लक्ष, कारण कडा पडद्यावर कापल्याच जातात. क्षणात उमगेल असं सगळं. ज्या चित्राला पाहणाऱ्याकडून चार मिनिटं हवी असतात ते काढण्याची हिंमतच मग राहत नाही. म्हणून लातूरच्या त्या मुलीला पडदा पुरे आहे असं म्हणणारे तिच्या बाजूचे आहेत हे मला पटत नाही. तिला लातुरात भिंत हवी. फोन देऊन भिंतीची मागणी मिटली असं समजणं ही तिची फसवणूक आहे.

स्थानिक प्रदर्शनं सुमार असतात, ही तक्रारही टाळता येत नाही. असतात, पुष्कळ असतात. तरी सुमारपणा उघडा पडायलाही शेजार लागतो. अबालाल रहिमानांपासून कोल्हापुरात निसर्गचित्रणाची एक सलग परंपरा आहे आणि पंचगंगेचा घाट तिथल्या किती चित्रकारांनी रंगवला असेल याला गणती नाही. शाहू स्मारकाच्या कलादालनात तोच घाट दोघा-तिघांच्या हातचा शेजारी शेजारी लागला की पाण्यातलं प्रतिबिंब कुणी पाहून रंगवलं आणि कुणी सवयीने ओढलं, हे सांगायला समीक्षक लागत नाही. ज्याने सवयीने ओढलं त्याला ते आधी दिसतं. पडद्यावर प्रत्येक चित्र एकटं येतं, वर कौतुकाचे शब्द घेऊन, आणि ही तुलना होतच नाही.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून आणि जहांगीर 1952 पासून आहे. तिथली गर्दी आणि प्रतीक्षायादी जगजाहीर आहे. मला काळजी आहे ती जिल्ह्याच्या गावांतल्या दालनांची, जिथे महापालिका किंवा नगरपालिका मालक असते आणि ‘प्रतिसाद नाही’ हे कारण हॉल लग्नाला किंवा सेलला द्यायला पुरेसं ठरू शकतं. तिथे प्रतिसाद मोजण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. झोत असे असावेत की ज्यांचा रंग चित्रकाराला आधी विचारता येईल. आणि चित्रं लावायला आदल्या दिवसाची संध्याकाळ बिनभाड्याची मिळावी, म्हणजे फीत कापायच्या आधी चित्रकाराला समोरच्या भिंतीपर्यंत मागे जाऊन पाहता येईल, आणि जे टिकत नाही ते उतरवायला वेळ राहील.