बॅलन्स चांगला आहे

कॉमर्सच्या पदवीनं मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, डावी बाजू आणि उजवी बाजू जुळली पाहिजे. दोन, ती जुळत नसेल तर फरक 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकून वेळेवर घरी जाता येतं. बँकेत वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं की माणसं सत्याचंही असंच करतात. खरं बोलवत नाही, खोटंही बोलायचं नसतं, मग म्हणतात, "छान आहे!" आणि विषय सस्पेन्समध्ये.

ह्या खात्याची तपासणी माझ्या बाबतीत मागच्या पावसाळ्यात ठाण्याला झाली, तीही सहा बाटल्यांच्या साक्षीनं.

आमचे थोरले साडू पंपांच्या कंपनीत निर्यात विभागात आहेत. पंप परदेशी जातात, त्यांच्या मागोमाग साडू जातात. येताना माणशी दोन लिटर मद्य कर न भरता आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. अशा तीन खेपांत त्यांनी सहा देशांच्या सहा वाइन जमवल्या आणि एका शनिवारी आम्हा नातेवाइकांना 'टेस्टिंग'ला बोलावलं. माझा द्राक्षाच्या पेयाशी पूर्वसंबंध म्हणजे लहानपणी भूक लागावी म्हणून जेवणानंतर समभाग पाण्यातून घेतलेलं दोन चमचे द्राक्षासव. पण थोरल्या साडूंचं आमंत्रण हे आमंत्रण नसतं, ते परिपत्रक असतं. गेलो.

गेल्या गेल्या साडूंनी प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर शब्द होते. वाइनला नोज असतं, बॉडी असते, पेल्याच्या काचेवरून ओघळणारे लेग्स असतात. हे वाचून आपण प्यायला बसलोय की स्थळ बघायला, हेच मला कळेना. 'ड्राय' हा शब्द तर माझ्या डोक्यावरून गेला. ओली वस्तू कोरडी कशी? साडू म्हणाले, "अहो, साखर उरलेली नाही अशी. द्राक्षातल्या साखरेचा सगळा अल्कोहोल झाला की वाइन ड्राय." म्हणजे महिन्याच्या पंचवीस तारखेला माझं खातं जसं असतं तसं. मात्र त्याच कागदावर एक शब्द दिसला आणि मी सावरून बसलो: 'बॅलन्स'. आंबट, गोड, तुरट, सगळं आपापल्या जागी असलं की बॅलन्स चांगला. हा शब्द तर मी दिवसातून शंभरदा उच्चारतो! ठरवलं, काहीही समोर आलं तरी आपण हेच म्हणायचं.

पहिली न्यूझीलंडची सोव्हिन्याँ ब्लाँ. तिला बूच नव्हतं, खोकल्याच्या औषधाला असतं तसं फिरकीचं झाकण होतं. त्यावर सगळे हसले. वास मात्र ताज्या चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा. मी म्हणालो, "बॅलन्स चांगला आहे."

दुसरी जर्मनीची रीसलिंग, चांगली मुरलेली. जुन्या रीसलिंगला पेट्रोल-रॉकेलकडे झुकणारी एक छटा येते आणि जाणकार तिच्यावर जीव टाकतात. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलचा डबा घेऊन ज्यानं बालपण काढलं, त्याला ती छटा लगेच ओळखता येते. फक्त तिच्यासाठी पैसे मोजावेत असं वाटत नाही. तिसरी ग्रीसची रेत्सिना. पूर्वी तिकडे वाइनचे मातीचे कुंभ पाइनच्या राळेनं बंद करत, ती चव वाइनमध्ये उतरे, आणि पुढे लोकांना तिची इतकी सवय झाली की आता राळ मुद्दाम घालतात. साडूंना तिच्यात डोंगरावरची झुळूक जाणवली. मला नुकतंच पॉलिश केलेलं कपाट जाणवलं. मी म्हणालो, "बॅलन्स—" सौभाग्यवतीनं माझ्याकडे पाहिलं.

चौथी जॉर्जियाची, म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, कॉकेशसमधला देश. तिथे मोठाले मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात आणि त्यांत सालींसकट वाइन मुरवतात. ही रीत हजारो वर्षांची. २०१३ साली युनेस्कोनं तिला वारशाच्या यादीत घेतलं. पाचवी हंगेरीची टोकाय, मधासारखी गोड. ही द्राक्षं वेलीवरच एका विशिष्ट बुरशीनं सुकवतात आणि मग त्यांची वाइन करतात. आमच्याकडे बुरशी आलेली द्राक्षं आई फेकून देते. हंगेरीत जन्मली असती तर आज आमची इस्टेट असती.

सहावी फ्रान्सची, बोर्दोची. साडूंनी बूच काढण्याआधी किंमत सांगितली. ती माझ्या घराच्या हप्त्याच्या आसपास होती. खोलीत देवघरासारखी शांतता पसरली. पेला नाकाशी नेला आणि मी चमकलो. हा वास माझ्या पूर्ण ओळखीचा होता. पावसाळ्यात आमच्या शाखेची रेकॉर्ड रूम उघडली की जुन्या लेजरांचा, ओल्या पुठ्ठ्याचा जो वास येतो, तोच. दुसऱ्यांदा हुंगलं. लेजर! तिसऱ्यांदा हुंगलं. लेजर, आणि त्यात व्हाउचरांचं एक गाठोडं.

माझ्या शेजारचे म्हणाले, "चेरी." त्यांच्या पलीकडून आवाज आला, "थोडी तंबाखू." वहिनींना चामडं लागलं. साडू माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत अपेक्षा, हातात ती किंमत. मी म्हणालो, "बॅलन्स फार चांगला आहे."

एवढ्यात साडूंचे एक परिचित उशिरा आले. जन्मभर मोठ्या हॉटेलात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पेला हातात घेतला, एकदाच हुंगला, खाली ठेवला आणि यजमानाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "साहेब, हिला बुचाचा वास लागलाय. तुमचा दोष नाही, शंभरात एखादी निघते अशी." मग त्यांनी समजावून सांगितलं. बुचाच्या सालीत बुरशीमुळे कधी कधी टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं. प्रकृतीला अपाय नाही, पण लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइनमधली फळं गप्प होतात आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ह्याच त्रासाला कंटाळून न्यूझीलंडवाल्यांनी २००१ पासून फिरकीच्या झाकणाची चळवळ सुरू केली. खोकल्याच्या औषधाला हसलेले सगळे आता कागद वाचू लागले.

आणि मग ते झालं. शेजारचे म्हणाले, "मला वाटलंच होतं." चेरी कुठल्या कुठे गेली. वहिनी म्हणाल्या, "चामडं म्हणजे मला तेच म्हणायचं होतं." मीही घाईघाईनं म्हणालो, "अहो, मला तर पहिल्या झटक्यात आमच्या रेकॉर्ड रूमचा वास आला होता!" साडू हसले. "हो हो, आता सगळ्यांनाच आला होता."

अहो, पण मला खरोखर आला होता! खोलीतल्या सगळ्यांत बहुधा मी एकटाच खरं बोलत होतो, आणि माझ्या खऱ्यात आणि बाकीच्यांच्या खोट्यात आता काडीचा फरक उरला नव्हता. चेकची मुदत पूर्वी सहा महिने असे, २०१२ च्या एप्रिलपासून ती तीन महिने झाली. सत्याची मुदत त्याहून फार कमी असते. खात्यात पैसे असूनसुद्धा माझा चेक परत आला.

घरी आल्यावर मन खात राहिलं म्हणून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचलं. आधी बरं वाटावं असंच वाचलं. २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून ठेवली, तर विद्यार्थ्यांनी तिला लाल वाइनची विशेषणं लावली. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाच्या प्राध्यापकानं राज्याच्या स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ साली निष्कर्ष छापला तो असा की तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे दहांत एखादेच. आणि २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून चाखलं, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. एका परीक्षकानं पेला चाखून 'चला, आलो परत फ्रान्सला' अशा अर्थाचा सुस्कारा सोडला, आणि पेल्यात होती नापाची वाइन!

हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा वाचलं. म्हणजे चव-बीव सगळं झूट. मग मी 'बॅलन्स चांगला' म्हणालो तर काय बिघडलं?

पण वाचायची सवय लागली की माणूस थांबत नाही, हे वाईट. पुढे डेव्हिड ह्यूम भेटला. ह्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५७ साली रुचीच्या कसोटीवर एक निबंध लिहिला, आणि त्यात 'डॉन किहोटे'मधली सांचो पांझाच्या नातलगांची गोष्ट सांगितली. दोघांना पिंपातल्या वाइनबद्दल मत विचारलं. एक म्हणाला, उत्तम, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची येते. लोक दोघांना हसले. पुढे पिंप रिकामं झालं, आणि तळाशी निघाली एक जुनी किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूमचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण ती किल्ली मी बँकेत पाहिली आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेड कॅशियर शंभराची गड्डी फणीसारखी सोडत, मध्येच थांबत आणि एक नोट बाहेर काढत. "काय झालं?" म्हटलं तर म्हणत, "बोटाला बरी वाटली नाही." नोट खोटी निघे. बोटाला जे कळतं ते दहांतल्या नवांना कळत नाही, ह्याचा अर्थ कळण्यासारखं काही नसतं असा नाही. लाल रंगाला विद्यार्थी फसले. तसाच मी किंमतीला फसलो असतो तर मलाही माफी होती. चूक होण्यात लाज नाही. पण मी फसलोच नव्हतो. माझ्या नाकानं किल्ली शोधली होती, आणि मी ती परत पिंपात टाकली.

आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढं काय त्यात? सभ्यपणा म्हणून काही असतो की नाही? असतो. लग्नाच्या पंगतीत वधूपिता वाकून विचारतो, "जिलबी कशी झालीय?" तेव्हा त्याला जिलबीची माहिती नको असते, धीर हवा असतो. तिथे 'छान' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, पाठीवर हात ठेवणं. पण साडूंनी मला धीर मागितला नव्हता. त्यांच्याकडे ती एकच बाटली होती आणि ती खरी कशी लागते हे त्यांना कळून घ्यायचं होतं. ज्याला कौतुक हवंय त्याला 'छान' म्हणणं ही भेट. ज्याला माहिती हवीय त्याला 'छान' म्हणणं ही अफरातफर. पंचाईत एवढीच की दोघांचा प्रश्न एकाच शब्दांत येतो: "कसं झालंय?"

आणि इथे मला आईची आठवण झाली.

आईचं वय ऐंशीकडे झुकलंय. आमटी अजून तीच करते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. वर्षभरापूर्वी तिनं विचारायला सुरुवात केली, "मीठ बरोबर आहे ना रे?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, "एकदम बरोबर." आमटी कधी अळणी असे, कधी समुद्र. मला वाटे, म्हातारीला धीर हवाय. पोळी जास्त खावी, आमटी कमी घ्यावी, की भागतं.

धीर नको होता हो तिला. तिच्या जिभेला आताशा मीठ नीट कळत नाही. डोळ्यांना दिसत नाही तेव्हा माणूस दुसऱ्याकडून पत्र वाचून घेतो, तशी ती माझी जीभ उसनी मागत होती. आणि मी तिला रोज कोरं पत्र वाचून दाखवत होतो. त्या रात्री मी हिशेब केला, तर आई मला मिठाचं विचारेनाशी झाल्याला दोन महिने झाले होते. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सौभाग्यवतीला विचारलं, तर म्हणाली, "त्या आता छोटीला विचारतात. ती खरं सांगते म्हणे."

छोटी नऊ वर्षांची आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी न विचारताच म्हणालो, "आई, आमटीत मीठ थोडं जास्त आहे हं." आईनं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "माहितीये. छोटीनं मघाशीच सांगितलं. तुझ्या वाटीत पाणी घालायचं राहिलं." पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. मी वाटी पुढे केली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी रोज सांगत राहिलो. कमी असलं तर कमी, जास्त असलं तर जास्त, बरोबर असलं तर बरोबर. आई नुसती 'हं' म्हणायची. परवा रविवारी मी पेपर वाचत बसलो होतो, तर आई स्वयंपाकघरातून पळीत आमटी घेऊन आली, खाली हात धरून. "जरा बघ रे."

मी पेपर खाली ठेवला. आमटी जिभेवर घोळवली, साडूंनी शिकवली होती तशी, थोडी हवा आत ओढून. "चिमूटभर कमी आहे," मी म्हणालो.

आईनं मान हलवली, आणि मीठ घालायच्या आधी पळी छोटीकडे नेली.

बँकेत ह्याला दुसरी सही म्हणतात. माझी अजून एकटीची चालत नाही.