भाजीभाकरीचे आमंत्रण

शास्त्रपाठ : लूक १४:१२-१४



आपल्या घरी आपण कोणाला शेवटचे जेवावयास बोलाविले, हे आपणांस आठवते काय? लग्न, बाप्तिस्मा किंवा वाढदिवस यांविषयी मी विचारीत नाही. सभागृह भाड्याने घेऊन, आचाऱ्याला आगाऊ रक्कम देऊन जे होते तो समारंभ होय. आपल्याच चुलीवर रांधून, आपल्याच ताटात वाढून, कोणाला आपण जवळ बसविले तो दिवस मला विचारावयाचा आहे. पुष्कळांना तो चटकन आठवणार नाही. कारण विचाराल तर उत्तर ठरलेले असते : “महागाई किती वाढली आहे! बोलवायचे म्हणजे चार पदार्थ तरी नकोत का?”

या उत्तरात काय दडले आहे, हे मला एका भगिनीने शिकविले. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात मी सेवेसाठी होतो. तेथे आमची पंधरा-सोळा मराठी कुटुंबांची लहानशी मंडळी होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थनासभा होत असे. प्रारंभी सभेनंतर चहा आणि पोहे मिळत. पुढे एका घरी पोह्यांबरोबर केक आला. त्यापुढच्या घरी पुलाव झाला, त्यानंतर मटण, आणि वर्ष संपता संपता मटणाच्या जोडीला आईस्क्रीमही आले. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांना काही कमी पडू नये, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती. मीदेखील प्रत्येक घरी आनंदाने दुसऱ्यांदा वाढून घेत होतो.

अशातच एक विधवा भगिनी सभेला येईनाशा झाल्या. दोन महिने मी वाट पाहिली आणि मग त्यांच्या घरी गेलो. तब्येत बरी नसते, असे त्या प्रथम म्हणाल्या. निघताना मात्र दाराशी उभ्या राहून त्या हळूच बोलल्या, “पाळकसाहेब, पुढची पाळी माझी येत होती. मला ते सगळे झेपले नसते. आणि दुसऱ्यांकडे नुसते जेवायला तरी किती दिवस यायचे?”

परतीच्या वाटेवर माझ्या मनाला मोठी टोचणी लागली. प्रार्थनेसाठी उघडलेले दार एका ताटाने बंद झाले होते, आणि ते बंद करणाऱ्यांत मीही एक होतो.

प्रिय वाचकहो, हे पाप नवे नाही. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल याच गोष्टीबद्दल खेदाने लिहितो. त्या काळी मंडळी घराघरांतून जमत असे. रोमी पद्धतीच्या भोजनगृहात तीन बाजूंच्या लांब आसनांवर साधारण नऊ माणसे मावत. अधिक लोक जमले की उरलेल्यांना बाहेर चौकात जागा शोधावी लागे. करिंथमध्ये प्रत्येकजण आपापले जेवण आधीच उरकून घेई. कोणी भुकेला राही, तर कोणी पिऊन धुंद होई. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालावयास लावता काय, असा पौलाचा रोखठोक सवाल आहे. प्रभूभोजनाविषयीची जी वचने आपण वेदीसमोर ऐकतो, ती याच प्रसंगी लिहिली गेली, हे आपण विसरतो. प्रभूच्या मेजाविषयी बोलण्यापूर्वी पौलाला आपल्या घरच्या मेजाविषयी बोलावे लागले!

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू या. प्रभू येशू एका प्रमुख परूश्याच्या घरी शब्बाथ दिवशी जेवावयास गेला होता. पाहुणे मानाच्या जागा कशा निवडतात हे त्याने पाहिले होते. मग तो यजमानाला म्हणतो की, जे उलट आमंत्रण देऊन तुझी फेड करतील अशा मित्रांना, भावांना, नातलगांना व धनवान शेजाऱ्यांना बोलावू नकोस. दरिद्री, व्यंग, लंगडे व आंधळे यांना बोलाव. त्यांना फेड करता येत नाही म्हणूनच तू धन्य होशील. येथे प्रभू आपल्या ताटाकडे पाहत नाही. तो आपली वही पाहत आहे. कोणी आपल्याला काय खाऊ घातले आणि आपण त्यांचे किती देणे लागतो, याची वही आपण सर्वच मनात ठेवतो. ती वही उघडी असेपर्यंत आपले जेवण हा केवळ व्यवहार राहतो. आणि ज्याच्याजवळ व्यवहाराला भांडवल नाही, तो आपोआप बाहेर पडतो.

पवित्र शास्त्रातील श्रेष्ठ पाहुणचार किती अल्प सामग्रीवर झाले आहेत ते पाहा. सारफथ येथील विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडेसे तेल होते. त्यातून तिने एलीयाला भाकर दिली. बवाजाने परक्या देशातून आलेल्या रूथला कापणी करणाऱ्यांच्या शेजारी बसवून आंबीत भाकर बुडवावयास सांगितले आणि भाजलेले धान्य दिले. ती पोटभर जेवली आणि वर उरलेही. गालीलच्या डोंगरावर पाच हजारांची जी पंगत बसली, तिच्यासाठी एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. जव हे त्या देशी गरिबाचे धान्य होते. गहू ज्याला परवडे तो गहू खाई. प्रभूने त्या मुलाच्या भाकरी घेतल्या, उपकार मानले व त्याच वाढल्या. आणि उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून बारा टोपल्या भरून घेतल्या. ज्याच्या हाती सर्व काही होते, त्याने काटकसरीची लाज बाळगली नाही.

पुढील रविवारी आमच्या मंडळीत याच वचनांवर चिंतन झाले आणि आम्ही एक ठराव केला. वर्षभर सर्व घरी एकच जेवण करावयाचे. त्याला आम्ही ‘जवाच्या भाकरींचे जेवण’ असे नाव दिले. जवाऐवजी आपली ज्वारी. बारा माणसांसाठी दोन किलो ज्वारीचे पीठ, अर्धा किलो बेसनाचे पिठले, चार जुड्या मेथी, किलोभर कांदे, पाव किलो शेंगदाण्यांची चटणी आणि शेवटी गुळाचा खडा. एका मोठ्या केकच्या किमतीत हे सारे येते. दुसरा नियम असा की, घरच्या बाईने एकटीने राबावयाचे नाही. पाहुण्यांनी तासभर आधी यावे व सर्वांनी मिळून रांधावे. मार्थेला तक्रार करण्याचे कारणच उरू नये! तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा होता : दर वेळी एक पान अशा माणसासाठी मांडावे, ज्याच्याकडून उलट आमंत्रणाची अपेक्षा नाही. वसतिगृहात एकटा राहणारा विद्यार्थी, इमारतीचा पहारेकरी, किंवा मुले परगावी गेलेले वृद्ध शेजारी.

पहिली पाळी त्या भगिनींनी स्वतःहून मागून घेतली. त्यांच्या दीड खोलीच्या घरात परातीभोवती आम्ही दाटीवाटीने बसलो. भाकरी थापणे त्यांना जेवढे येत होते तेवढे आमच्यापैकी कोणालाच येत नव्हते. परमुलखात वाढलेल्या आमच्या मुलींना त्या पीठ मळण्यापासून शिकवू लागल्या. तरुणांनी थापलेल्या भाकरी तव्यावर पडण्यापूर्वीच मोडल्या आणि त्याही आनंदाने खाल्ल्या गेल्या. दोन महिने दुसऱ्यांचे अन्न खाण्याचा संकोच वाटलेली ती बहीण त्या रात्री आम्हां सर्वांची गुरू झाली. सर्वच गोड झाले असे मी म्हणणार नाही. एका कुटुंबाला हा ठराव कंजूषपणाचा वाटला व ते काही महिने आले नाही. त्यांची समजूत घालण्यासाठी मला त्यांच्या घरी अनेकदा जावे लागले.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सुमारे इ.स. १९७ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील टर्टुलियन याने ख्रिस्ती लोकांच्या समर्थनार्थ एक ग्रंथ लिहिला. त्यात तो आपल्या प्रीतिभोजनाचे वर्णन करतो. बसण्यापूर्वी प्रार्थना होई, भुकेपुरते खाल्ले जाई, गरजवंतांना त्याचा लाभ मिळे. मग हात धुऊन, दिवे लावून, जो तो शास्त्रातून किंवा आपल्या अंतःकरणातून देवाचे स्तवन गाई आणि शेवट पुन्हा प्रार्थनेने होई. ख्रिस्ती लोक एकत्र जमून करतात तरी काय, असा संशय घेणाऱ्या जगाला त्याने दाखविण्यासाठी निवडलेल्या गोष्टींत हे साधे जेवण होते. आज आपला शेजारी आपल्या जेवणावरून आपल्याविषयी काय समजेल?

एक सावधगिरीचा इशारा मात्र हवा. साधेपणाचाही गर्व होऊ शकतो. पिठले-भाकर वाढून ‘पाहा आम्ही किती साधे’ असे मिरविले, तर आपण वहीचे केवळ एक पान उलटले. आणि कोणी प्रेमाने चांगले पक्वान्न केले, तर त्याला नावे ठेवण्याचाही आपल्याला अधिकार नाही. अब्राहामाने तीन पाहुण्यांसाठी कोवळे वासरू रांधविलेच होते. जे घरात आहे ते मोकळ्या मनाने द्यावे. जे नाही त्यासाठी कर्ज काढू नये, आणि त्या कारणाने दारही लावून घेऊ नये.

म्हणून, प्रिय वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक नाव मनात आणा. आपल्या मंडळीत अलीकडे दिसत नाही असा कोणी असेल. आपण ज्या गावी नोकरीनिमित्त राहता तेथे ज्याला आपली भाषा बोलावयास कोणी नाही, असा कोणी असेल. या आठवड्यात त्याला बोलवा. ‘काही विशेष नाही, भाजीभाकरच आहे’ असे आधीच सांगा, म्हणजे त्यालाही उद्या आपल्याला बोलाविण्याचा धीर होईल.

अम्माऊसच्या वाटेवर संध्याकाळ झाली तेव्हा त्या दोन शिष्यांनी एका अनोळखी वाटसरूला आग्रह करून थांबविले. घरात काय शिजले होते, हे लूकने लिहून ठेवले नाही. भाकर मोडली गेली आणि त्यांचे डोळे उघडले, एवढेच त्याने लिहिले.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू जकातदारांच्या घरी जेवलास आणि समुद्रकिनारी आपल्या शिष्यांसाठी स्वतः न्याहारी तयार केलीस. आमच्या मनातील देण्याघेण्याची वही मिटव. आमच्या अल्प अन्नावर तुझा आशीर्वाद असो, आणि आमच्या दाराशी संकोचून उभा असलेला आमचा भाऊ, आमची बहीण आम्हांला दिसो. आमेन.